पडद्यावरचे देह आणि सांधणारे यंत्र

मुंबईकराने मुंबईत टिपलेली अगदी सुरुवातीची दोन चलच्चित्रे कोणत्या विषयांवर होती, हे ठाऊक आहे का? एकात हँगिंग गार्डनमध्ये झालेली दोन पैलवानांची कुस्ती होती. दुसऱ्यात माकडे होती आणि त्यांना खेळ शिकवणारा माणूस होता. दोन्ही १८९९ सालची. ती टिपणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे छायाचित्रणाचा व्यवसाय करणारे गृहस्थ होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. त्यानंतर थोड्याच काळात सावेदादांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. टिपलेली फिल्म धुण्यासाठी मात्र पुन्हा इंग्लंडला पाठवावी लागे.

ही विषयांची निवड सहज झालेली असेल, पण ती अर्थपूर्ण आहे. हालचाल पकडणारे यंत्र हाती आल्यावर माणसाने ते प्रथम देहाकडे वळवले, माणसाच्या आणि प्राण्याच्या. आज ‘व्हिडिओ-कला’ या नावाने कलादालनांत जे दाखवले जाते, त्यातही माणसाचा देह, जनावराचा देह आणि यंत्र हे तीन घटक वारंवार एकत्र येतात. ते सारे परदेशातून आलेले नवे खूळ आहे असा समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. या खटाटोपाची एक जुनी पेठ आपल्या गिरगावात होती आणि तिचा माल नीट पारखून घेण्यासारखा आहे.

विज्ञानाच्या मासिकात कलेची समीक्षा कशाला, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. प्रयोगशाळेत आम्हीही चलच्चित्रे पुरावा म्हणून वापरतो. पेशी विभागताना, जिवाणू पोहताना, स्फटिक वाढताना आम्ही ती पडद्यावर पाहतो आणि त्यावरून निष्कर्ष काढतो. पडद्यावरचा देह कितपत खरा मानावा, हा प्रश्न म्हणून जितका कलावंताचा तितकाच आमचा आहे. आणि खिशातल्या फोनवर दिवसभर हलती चित्रे पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या शिक्षकाचा तर तो रोजचाच प्रश्न आहे.

आधी तुकडे, मग सांधणी

हालचाल टिपणाऱ्या यंत्राची कामगिरी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात ते सलग हालचालीचे तुकडे करते. दुसऱ्या टप्प्यात ते तुकडे वेगाने एकामागून एक दाखवते आणि आपल्याला सलग हालचाल दिसते.

पहिल्या टप्प्याचे प्रसिद्ध उदाहरण एडवर्ड मायब्रिज यांचे. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांनी धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे ओळीने मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. चौखूर धावताना घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात, हे त्यातून सिद्ध झाले. गंमत अशी की चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या हवेतला घोडा रंगवताना पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले दाखवत होते. प्रत्यक्षात पाय सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. डोळ्याला जे कधीच दिसले नव्हते ते यंत्राने दाखवले.

फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. तो सेकंदाला १२ चित्रे घेई. पुढे १८९४ मध्ये त्यांनी उताण्या सोडलेल्या मांजराची चित्रमालिका घेतली. हवेत कशाचाही आधार नसताना मांजर वळते कसे? त्याचा एकूण कोनीय संवेग तर शून्यच राहायला हवा. चित्रे पाहिल्यावर उलगडा झाला. मांजर कमरेत वाकते. पुढचे पाय जवळ घेते आणि मागचे ताणते. त्यामुळे पुढच्या अर्ध्या भागाचे जडत्व आघूर्ण कमी होते आणि तो भाग चटकन जास्त वळतो, मागचा भाग उलट दिशेने थोडाच वळतो. नंतर नेमके उलटे करून मागचा भाग वळवून घेते. एकूण संवेग शून्यच, तरी देह पालथा! हे काम मांजर एका सेकंदाच्याही आत उरकते.

दुसऱ्या टप्प्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चलच्चित्र दिसण्याचे कारण म्हणून अनेक पुस्तकांत आजही ‘दृष्टिसातत्य’ एवढेच दिलेले असते: डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा क्षणभर टिकते, म्हणून चित्रे जोडली जातात. तेवढेच खरे असते तर चित्रे एकमेकांत मिसळून धूसर दिसायला हवीत. स्थिर चित्रांतून गती दिसणे हे मेंदूचे काम आहे. माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ मध्ये त्यावरचे आपले मूलभूत प्रयोग प्रसिद्ध केले. दोन जागी पाठोपाठ दाखवलेल्या दोन रेषा, मधले अंतर योग्य असेल तर, एकच रेषा सरकल्यासारख्या दिसतात. म्हणजे तुकडे यंत्र करते, ते क्रमाने यंत्र मांडते, पण अखेरची सांधणी पाहणाऱ्याच्या डोक्यात होते.

येथे समीक्षेची कसोटी आपल्या हाती येते. देहाचे तुकडे जोडताना पडणारा सांधा कलावंत कोठे ठेवतो? तो दाखवतो की झाकतो, आणि कशासाठी? ही कसोटी शास्त्रज्ञांनाही लागू आहे. मायब्रिज यांनी १८८७ मध्ये माणसे आणि प्राणी यांच्या हालचालींच्या ७८१ चित्रपाट्या प्रसिद्ध केल्या. पार्श्वभूमीला मोजमापाच्या चौकटी आखलेल्या, त्यामुळे सारे काही काटेकोर वाटते. परंतु पुढे अभ्यासकांनी बारकाईने पाहिले तेव्हा आढळले की अनेक पाट्यांत चित्रे गाळलेली किंवा दुसऱ्या क्रमाने लावून घेतलेली आहेत. पाटी नीटस दिसावी म्हणून सांधा झाकला होता. मोजपट्टी चित्रात असली म्हणजे चित्र पुरावा ठरतेच असे नाही.

गिरगावातला पडदा

आता गिरगावात येऊ. ३ मे १९१३ रोजी सँडहर्स्ट रोडवरच्या, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावरच्या, कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रगृहात धुंडिराज गोविंद फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. चित्रगृह आज उरलेले नाही. त्या खेळाच्या जाहिरातीत चित्रपटाबरोबर नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू फेकून झेलणारा अलेक्झांडर नावाचा कसरतपटू यांचीही नावे होती. म्हणजे त्या संध्याकाळी गिरगावकरांनी एकाच जागी दोन प्रकारचे देह पाहिले. एक समोर घाम गाळणारा आणि दुसरा यंत्राने जोडलेला.

जोडलेला म्हणजे किती तुकड्यांनी? ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट होती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. ३७०० ला १६ ने गुणले की ५९,२०० चित्रे होतात. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात सेकंदाला १६ चित्रे हा ढोबळ वेग धरला तर एका सेकंदाला एक फूट, म्हणजे सारा चित्रपट तासाभराचा. दाखवणाऱ्याने दांडा जोरात फिरवला तर तोच चित्रपट लवकर संपायचा आणि राजा तुरुतुरु चालायचा. हे गणित आठवीच्या वर्गातही करता येते.

फाळके हे या कामाला शोभणारे गृहस्थ होते. जे. जे. कलाशाळेत शिक्षण, छायाचित्रण, छपाई आणि त्यात भर म्हणजे जादूचे प्रयोग. ‘प्रोफेसर केळफा’ हे आपलेच आडनाव फिरवून घेतलेले नाव लावून ते जादू करत. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी पाहिला तोही गिरगावातल्याच चित्रगृहात आणि तेथून त्यांच्या डोक्यात चित्रपट शिरला. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनी पहिली फिल्म केली ती कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीची. ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतले आणि मग ती चित्रे सलग दाखवली. समजा, दर तासाला एक चित्र या हिशेबाने ३० दिवस टिपले तर ७२० चित्रे होतात आणि सेकंदाला १६ प्रमाणे ती ४५ सेकंदांत संपतात. महिन्याची वाढ पाऊण मिनिटात! आम्ही प्रयोगशाळेत आज जे करतो ते तत्त्वतः हेच. पुराणकथांकडे वळण्याआधी फाळक्यांनी एका रोपाचा देह काळाच्या भिंगाखाली ठेवला, ही गोष्ट शाळेत सांगितली जात नाही, याचे आम्हांला वाईट वाटते.

पुढच्या चित्रपटांत ते माणसाच्या देहाकडे वळले आणि त्यांच्यातला जादूगार पुढे आला. १९१८ च्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये भेदरलेल्या कंसाला स्वतःचे मस्तक धडावेगळे झालेले दिसते. ही किमया कॅमेऱ्याच्या पोटात होते. चौकटीचा काही भाग काळ्याने झाकून एकदा टिपायचे, फिल्म मागे फिरवून उरलेला भाग दुसऱ्यांदा टिपायचा. ज्या यंत्राने मारे यांनी मांजराचा देह समजण्यासाठी सोडवला, त्याच जातीच्या यंत्राने फाळक्यांनी कंसाचा देह घाबरवण्यासाठी सोडवला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या आणि गणपत शिंदे शेपटीसह हनुमान झाले. म्हणजे पुरुषाच्या देहातून स्त्री आणि माणसाच्या देहातून वानर! तेथे मात्र सांधा यंत्राचा नव्हता, वेषाचा होता आणि तो जाणत्या प्रेक्षकाला दिसतच होता.

‘कालिया मर्दन’: मुलीने नागाला दिलेले वजन

फाळक्यांच्या उपलब्ध चित्रपटांत आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९१९ चा ‘कालिया मर्दन’. त्याचा बराचसा भाग टिकून आहे. कृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली आहे. तेव्हा ती सुमारे सात वर्षांची होती.

कथा सुरू होण्याआधी फाळके एक विलक्षण गोष्ट करतात. मंदाकिनीचा चेहरा जवळून दाखवतात. ती एकामागून एक भाव करून दाखवते. पाहणाऱ्याला आधी सांगितले जाते की ही एक लहान मुलगी आहे आणि हे तिचे कसब आहे. मग तोच चेहरा हळूहळू विरतो आणि तेथे कृष्णाच्या वेषातली मंदाकिनी उमटते. हे तंत्र असे: पहिले दृश्य टिपताना भिंगामागचे छिद्र हळूहळू मिटत न्यायचे, फिल्म तेवढीच मागे फिरवायची आणि दुसरे दृश्य टिपताना छिद्र हळूहळू उघडायचे. मुलगी आणि देव यांच्यामधला सांधा येथे फाळक्यांनी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर उघडा ठेवला आहे. आणि तरीही, पुढे कृष्ण डोहात उडी घेतो तेव्हा आपण श्वास रोखतोच. सांधा दाखवल्याने रस कमी होत नाही, याचा यापेक्षा चांगला दाखला आम्हांला माहीत नाही.

डोहातल्या झुंजीचे दृश्य मात्र यांत्रिकदृष्ट्या अगदी कच्चे आहे. खऱ्या सापाच्या कण्यात दोनशेहून अधिक मणके असतात; वळण डोक्याकडून शेपटीकडे लाटेसारखे सरकत जाते. फाळक्यांचा बनवलेला नाग असा वळत नाही. तो ताठ आहे आणि हिसक्याने हलतो. जीवशास्त्राच्या शिक्षकाने त्याला शंभरापैकी दहाच गुण द्यावेत. मग दृश्य टिकते कशावर? ते मंदाकिनीवर टिकते. ती नागाला कवटाळते, त्याच्या वेटोळ्याशी झोंबते, मागे रेलते, पुन्हा धरते. तिच्या स्नायूंना जो ताण पडतो त्यावरून आपला मेंदू नागाचे वजन ठरवतो. निर्जीव प्राण्याला सजीव मुलीने वजन दिले. देह, प्राणी आणि यंत्र एकत्र आणणाऱ्या कोणत्याही कलाकृतीत हे पाहावे: या तिघांतला खरा भार कोण उचलतो आहे? फाळक्यांच्या चित्रपटात तो भार देहाने उचलला आहे.

याच फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘चित्रपट कसे तयार करतात’ ही छोटी फिल्मही केली होती. तिच्यात ते स्वतः काम करताना, नटांना शिकवताना, फिल्म तपासताना दिसतात. जादूगाराने आपली पेटी उघडून दाखवणे ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या मते शाळांत दाखवायची फाळक्यांची पहिली कृती हीच असावी.

लोहार चाळीतून फिरणारी चित्रे

गिरगावातून पूर्वेला चालत गेले की काळबादेवीच्या पलीकडे लोहार चाळ लागते. वायर, दिवे, मोटारी अशा विजेच्या सामानाची ही पेठ. चित्रकार नलिनी मालानी यांची कार्यशाळा बरीच वर्षे याच वस्तीत होती. १९४६ साली कराचीत जन्म, फाळणीनंतर कुटुंब भारतात, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. १९६९ पासूनच त्यांनी फिल्मवर प्रयोग सुरू केले. २०२३ मध्ये त्यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला.

त्यांच्या ज्या कृतींचा विचार येथे करायचा त्या म्हणजे ‘ट्रान्सग्रेशन्स’ (२००१) आणि ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ (२०१२). दुसरी कृती जर्मनीतल्या कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. रचना अशी: छताला पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या पोकळ वृत्तचिती, बोलीत सिलिंडर, टांगलेल्या असतात. २०१२ च्या कृतीत त्या पाच आहेत. त्यांच्या आतल्या बाजूने माणसांच्या, प्राण्यांच्या आणि धड माणूस ना धड जनावर अशा आकृती रंगवलेल्या. मोटारीवर त्या सावकाश फिरत राहतात. सहा प्रक्षेपकांतून व्हिडिओचा प्रकाश त्यांच्या आरपार जाऊन भिंतींवर पडतो. अशा रीतीने भिंतीवर चित्रफीतही दिसते आणि तिच्यावरून सरकणाऱ्या रंगीत सावल्याही. जोडीला आवाज. साऱ्याचे आवर्तन ११ मिनिटांचे.

अनेक समीक्षकांनी या कृतींना स्मृती, हिंसा, फाळणी, स्त्रीचे दुःख अशा शब्दांत गौरवले आहे. ते योग्यच आहे. पण भिंतीवर प्रत्यक्ष काय घडते ते आधी पाहू, कारण खरे कसब तेथे आहे.

सिलिंडर फिरतो तेव्हा त्याची प्रक्षेपकाकडची बाजू उजवीकडे जात असेल तर पलीकडची बाजू डावीकडे जाते. प्रकाश दोन्ही बाजूंतून जातो, म्हणून भिंतीवर दोन मिरवणुका परस्परविरुद्ध दिशांनी निघतात. शिवाय प्रकाशाच्या उगमाजवळच्या बाजूची सावली मोठी पडते आणि वेगाने सरकते. दूरच्या बाजूची लहान पडते आणि संथ सरकते. या मिरवणुका एकमेकींतून जातात तेव्हा क्षणभर माणसाच्या खांद्यावर जनावराचे तोंड येते, पोटातून पाय फुटतात आणि लगेच सुटे होतात. फाळक्यांना असा देह जोडण्यासाठी कॅमेरा थांबवावा लागला, फिल्म मागे फिरवावी लागली. येथे एकही काट नाही. संकर आपल्यासमोर भूमितीच्या नियमाने होतो आणि त्याच नियमाने मोडतो.

जुन्या ‘झोट्रोप’ या खेळण्याशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. विल्यम हॉर्नर यांनी १८३४ मध्ये वर्णन केलेल्या त्या फिरत्या डब्याला उभ्या फटी असतात. फटीतून क्षणभरच एकेक चित्र दिसते आणि घोडा धावू लागतो. मालानी यांच्या डब्याला फटी नाहीत. त्यामुळे एकही आकृती धावत नाही. ती फक्त वाहत जाते, भिंतीच्या कोपऱ्यावर मोडते, छोटी-मोठी होते आणि फिरून येते. यंत्राने गतीचा भास उत्पन्न करायचे नाकारले आणि आपली खरी गती तेवढी दाखवली. मोटार दिसते, डबा दिसतो, प्रकाश दिसतो. तुम्ही प्रकाशाच्या वाटेत आलात तर तुमचीही सावली त्या मिरवणुकीत शिरते. सांध्याबाबत इतका उघडा कारभार आम्ही दुसऱ्या कोणत्या व्हिडिओ-कृतीत पाहिलेला नाही. या कसोटीवर मालानी पहिल्या श्रेणीत येतात.

आमचे दोन आक्षेप

पहिला आक्षेप भाराचा. ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’मध्ये फैज यांच्या कवितेपासून क्रिस्टा वोल्फ यांच्या ‘कॅसांड्रा’पर्यंत अनेक लेखकांचे धागे गुंफलेले आहेत. ज्याने हे वाचलेले नाही त्याला आवाज ऐकू येतो, पण अर्थ निसटतो. यंत्राचा सांधा उघडा, पण विचाराचा सांधा मात्र जाणकारांपुरता राखलेला, असे होते. फाळक्यांनी कथा सर्वांच्या ओळखीची घेतली म्हणून गिरगावातला हमाल आणि हायकोर्टातला वकील एकाच बाकावर बसून पाहू शकले. नव्या कलेने पुराणकथाच घ्याव्यात असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या आकृती सावल्यांच्या रूपाने इतक्या स्पष्ट बोलतात त्यांच्यावर शब्दांचे एवढे ओझे कशाला?

दुसरा आक्षेप यंत्राबद्दलच्या दृष्टीचा, आणि शास्त्रज्ञ म्हणून तो आम्हांला अधिक जवळचा आहे. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. मालानी यांनी त्याच वर्षी सआदत हसन मंटो यांच्या कथेच्या आधाराने ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ ही व्हिडिओ-मांडणी केली आणि ती मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात दाखवली. जमिनीवर पत्र्याच्या १२ ट्रंका, ट्रंकांत व्हिडिओचे पडदे. निर्वासिताच्या सामानात भरलेला अणुयुगाचा इतिहास, ही कल्पनाच विलक्षण परिणामकारक आहे. ती कलादालनाऐवजी वस्तुसंग्रहालयात, सर्वसामान्य माणसे येतात अशा जागी मांडली हेही मोलाचे. कोणाही शास्त्रज्ञाने तिच्यापुढे मुकाट्याने उभे राहावे. बॉम्बची जबाबदारी आमच्या व्यवसायाला झटकता येणार नाही.

परंतु येथे यंत्र म्हणजे केवळ संहार असे समीकरण होते आणि ते अपुरे आहे. याच कलावतीच्या दुसऱ्या कृतींत छोटी मोटार निमूटपणे सिलिंडर फिरवते आणि माणूस-जनावरांच्या सावल्यांना एकत्र आणते. यंत्राचा हा दुसरा स्वभाव तिच्या हातांना ठाऊक आहे, पण तिच्या कथनात तो क्वचितच येतो. मारे यांच्या मांजराच्या चित्रमालिकेत यंत्र प्राण्याला कापत नाही, त्याला समजून घेते. देहाकडे यंत्रातून पाहण्याची ही ममतेची रीतही कलेत यावी, असे आम्हांला वाटते. फाळक्यांचा वाटाणा तीच रीत होती.

वर्गात काय करावे

सांध्याचा प्रश्न आता कलादालनापुरता उरलेला नाही. संगणक आज अशी चलच्चित्रे बनवतो की त्यातला माणूस कधी जन्मालाच आलेला नसतो आणि त्यातले जनावर कोणी पाळलेले नसते. तेथे कॅमेऱ्यासमोर कोणी नव्हतेच, म्हणून नेहमीच्या अर्थाचा सांधाही नाही. सुरुवातीला बोटांची संख्या चुकणे, सावली भलतीकडे पडणे अशा खुणा सापडत. त्या आता कमी होत चालल्या आहेत. ‘विश्वास ठेवू नका’ एवढे सांगून भागत नाही, कारण कशावरच विश्वास न ठेवणारा विद्यार्थी खरा पुरावाही फेकून देतो. चित्र कसे बनते हे हाताने करून पाहिलेला विद्यार्थी योग्य प्रश्न विचारतो. त्यासाठी पुढील प्रयोग सुचवतो. खर्च जवळजवळ नाही.

सुमारे १० सेंटिमीटर व्यासाची, गुळगुळीत बाजूंची पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या. न पुसणाऱ्या शाईच्या मार्करने तिच्या एका बाजूला माणूस आणि नेमक्या समोरच्या बाजूला कुत्रा किंवा घोडा काढा, दोन्ही सारख्याच उंचीचे. बरणी दोऱ्याने टांगा. वर्गात अंधार करा. मोबाइल फोनचा दिवा बरणीच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर आणि भिंत दिव्यापासून ६० सेंटिमीटरवर येईल अशी मांडणी करा. दोऱ्याला पीळ देऊन सोडा.

सावल्या पाहण्याआधी मुलांना समरूप त्रिकोणांवरून उत्तर काढायला लावा. बरणीची दिव्याकडची बाजू दिव्यापासून १५ सेंटिमीटरवर, म्हणून सावली ६० भागिले १५, म्हणजे ४ पट. पलीकडची बाजू २५ सेंटिमीटरवर, म्हणून सावली २.४ पट. वेगांचे प्रमाणही तेच, दिशा मात्र उलट. मग फूटपट्टीने मोजून पडताळा घ्या. दिवा आणि भिंत जागच्या जागी ठेवून बरणी दिव्याच्या जवळ आणली तर हा फरक वाढेल की कमी होईल, हे आधी वहीत लिहून घ्या.

आकृती एकमेकींवर येऊन घोडतोंड्या माणूस उमटला की वर्गात हशा पिकेल. तो पिकू द्यावा. मग दिवा बंद करून मुलांना विचारावे: हा प्राणी आता कोठे होता? बरणीवर, भिंतीवर, की तुमच्या डोक्यात? उत्तरे फळ्यावर लिहून काढावीत आणि प्रत्येक उत्तरासाठी पुरावा काय, हे त्यांनाच शोधू द्यावे.